पायगुण

गेल्या आषाढात मी लागोपाठ तीन रविवारी तीन पाय भाजले.

हे वाक्य मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सहज बोलून गेलो, तेव्हा भूगोलाच्या प्राध्यापकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि अत्यंत काळजीच्या स्वरात विचारले, "तीन कसे?" त्यांचा दोष नाही. दोष असलाच तर आपल्या लिपीचा आहे. साहेबाच्या या गोड पदार्थाचे नाव देवनागरीत लिहावे तर तो 'पाय' होतो. तो टाळून 'पै' लिहावे तर जुन्या हिशेबातल्या आण्याचा बारावा हिस्सा होतो. रुपयाच्या १९२ पै असत. ती पै व्यवहारातून केव्हाच गेली आणि आता फक्त 'पै पै करून जमवले' एवढ्या बोलण्यापुरती उरली आहे. तेव्हा मेलेल्या नाण्यापेक्षा जिवंत अवयव बरा, असा विचार करून मी 'पाय'च पत्करला.

तर पदार्थ असा. मैद्याची खुसखुशीत पारी एका पसरट थाळीत बसवायची, तिच्यात दूध, अंडी आणि साखर यांचे मिश्रण ओतायचे, वर जायफळ किसायचे आणि भट्टीत मंद आचेवर ते थिजू द्यायचे. झाला कस्टर्ड पाय. त्यात फळ नाही, सुकामेवा नाही, रंग नाही. आता तुम्ही म्हणाल, चकल्या-अनारशांच्या या भरल्या पंगतीत हा परदेशी पाहुणा कशाला आणून बसवलात? त्याचे कारण आमची आत्या.

आत्या आज ८२ वर्षांची आहे. १९६७ साली, लग्नाला वर्ष झाले असताना, ती काकांबरोबर अमेरिकेला गेली. आयोवा राज्यातल्या एम्स या गावी तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत काका कृषी अभियांत्रिकी शिकत होते. दोघे एका वृद्ध बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. या घरमालकीणबाई शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. त्या भागात शेतावरच्या कोंबड्या बाईच्या ताब्यात असत, आणि अंडी विकून आलेल्या पैशावर घरातला वरखर्च भागे. १९३० नंतरच्या मंदीत अशा कितीतरी घरांना याच पैशाने तारून नेले. हिवाळ्यात दिवस लहान झाले की कोंबड्या अंडी द्यायच्या कमी होतात आणि वसंतात दिवस वाढू लागले की पुन्हा भरभरून देतात. पण तेव्हा झाडावर फळ नसते आणि तळघरातली साठवणीची सफरचंदे संपलेली असतात. घरात दूध आहे, अंडी आहेत आणि पाय मात्र करायचा आहे, अशा वेळेचा हा कस्टर्ड पाय. थोडक्यात, तो श्रीमंतीचा पदार्थ नव्हे. आपल्याकडे घरात काही नसले की शिरा होतो, त्याच कुळीचा तो आहे.

१९७० साली आत्या आणि काका परत आले. निघताना बाईंनी आत्याला आपली नऊ इंची, तिरप्या कडांची पत्र्याची थाळी भेट दिली. १९७२ च्या दुष्काळाच्या साली काका हृदयविकाराने अचानक गेले. आत्या तेव्हा तिशीचीसुद्धा नव्हती. सासरच्या मंडळींनी काय म्हणायचे ते म्हटले. त्यातला 'पायगुण' हा एक शब्द आमच्या घरात नंतर कित्येक वर्षे कोणी उच्चारत नसे. आत्या पुण्याला माहेरी आली, बी. एड. झाली आणि पुढची सत्तावीस वर्षे शाळेत गणित शिकवत राहिली. उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर ती अर्धा गुण कापत असे. मी तिचा भाचा, पण वर्गात तिच्यापुढे बसलेला असल्यामुळे माझेही असे पुष्कळ अर्धे गुण तिच्याकडे जमा आहेत.

माझ्या लहानपणी ती वर्षातून एकदा, मे महिन्याच्या सुट्टीत, पाय करायची. आमच्या वाड्याच्या गॅलरीत गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन मांडला जाई. झाकणाला काच होती आणि त्या काचेतून आत बघण्यासाठी आम्हा मुलांची मारामारी होई. गॅलरीत अशासाठी, की आजीच्या स्वयंपाकघरात अंडे जात नसे. आजीने आखलेली ती सीमा पुढे माझ्या आईने सांभाळली. वाडा पडून तिथे इमारत उभी राहिली, आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो, गॅलरी गेली आणि अंड्याला स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला. तोही श्रावण वगळून.

गेल्या ज्येष्ठात आत्या न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. "आमचे काम संपले, आता तुमचे," असे सांगून डॉक्टरांनी तिला घरी पाठवले. या वयात खुबा मोडला की खरी भीती हाडाची नसते, अंथरुणाची असते. पडून राहिले की स्नायू गळतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, भूक मरते. म्हणून वॉकर घेऊन रोज चालायचे, आणि अंडी, दूध, डाळी असे पोषक खायचे. आत्या दोन्हीला तयार होईना. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. तिच्यासमोर आत्या चार पावले टाकी आणि ती गेली की वॉकर भिंतीशी ठेवून भिंतीकडे तोंड करून पडे. जेवायला दोन चमचे वरणभात. "पुन्हा पडले तर?" एवढेच ती म्हणे. जिने आयुष्यभर एकटीने एसटीचे प्रवास केले, तिला खाटेपासून दारापर्यंतचे अंतर दिसेनासे झाले होते.

एकदा रात्री मी तिला विचारले, "आत्या, काय खावंसं वाटतं? काहीही सांग." बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "काही नाही. आणि जे वाटतं ते तुम्हाला जमायचं नाही."

मी सौभाग्यवतींना हे सांगितले. ही बँकेत आहे आणि वर्षअखेरीच्या हिशेबाला बसावे तशा मुद्रेने तिने निकाल दिला, "त्यांना पाय हवाय. आणि रविवारी मला सुट्टी असली तरी तो तुम्हीच करायचा. आत्या तुमच्या आहेत." आईने दिनदर्शिका पाहिली आणि आपला निकाल जोडला, "करा काय ते. पण दीप अमावास्येच्या आत. श्रावण लागला की माझ्या घरात अंडं येणार नाही." अमावास्येला तीन रविवार उरले होते.

माणसाने अंडी फेटण्यापूर्वी शब्द फेटावा, ही आम्हा भाषेच्या मास्तरांची खोड. पहिला आठवडा मी कोशात घालवला. 'कस्टर्ड' हा शब्द मुळात 'क्रस्टाड' होता आणि त्याचा अर्थ पारी किंवा कवच. लॅटिन 'क्रुस्टा'पर्यंत त्याचे मूळ जाते. म्हणजे मध्ययुगातल्या इंग्रजांच्या लेखी कस्टर्ड म्हणजे ती बाहेरची पारी असलेला पदार्थ. पुढे नाव आतल्या सारणाला चिकटले आणि कवच गळून पडले. आपल्याकडे तिळाचे ते तेल. आज आपण खोबऱ्याचे तेल म्हणतो, शेंगदाण्याचे म्हणतो, आणि त्यात तीळ शोधत नाही. तसेच हे.

आपल्या घरात पाहुणे आले की केळी-सफरचंदाच्या फोडींवर जे पिवळे कस्टर्ड ओततात, त्यात तर अंडेही नसते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत. तिच्यासाठी त्याने १८३७ साली मक्याच्या पिठाची कस्टर्ड पावडर तयार केली. पारी आधीच गेली होती, यांनी अंडेही काढले. उरले ते आपण आनंदाने स्वीकारले, कारण ते आपल्या सोवळ्यात बसले. गंमत अशी की त्याच १८३७ साली पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या बेलेम इथे एका दुकानाने मठातल्या जुन्या कृतीवरून, खुसखुशीत पारीत अंड्यांचे पिवळे बलक घातलेल्या छोट्या वाट्या विकायला सुरुवात केली. त्या आजही तिथे विकल्या जातात. आणि आपल्या मुंबईच्या पारशी मंडळींनी लग्नाच्या पंगतीसाठी पारी न घेता अंडे ठेवले, वेलदोडा-जायफळ घातले आणि 'लगननु कस्टर्ड' केले. एका पदार्थाचे तीन वाटेकरी, ज्याने त्याने आपल्याला सोसेल तेवढे घेतले.

हे सगळे मी घरी जेवताना सांगितले. कन्या म्हणाली, "बाबा, पाय कधी करणार?"

पहिल्या रविवारी केला. आत्याची वही काढली. गणिताच्या शिक्षिकेचे ते नेटके अक्षर: चार अंडी, अडीच कप दूध, अर्धा कप साखर, चिमूट मीठ, व्हॅनिला एक चमचा, जायफळ. आणि खाली: '४२५ वर १० मिनिटे, मग ३५० वर ३० मिनिटे'. आमच्या ओव्हनची चकती २५० वर संपते. मी विचार केला, यंत्र लहान आहे, ते कमी पडते. त्याला त्याची संपूर्ण शक्ती लावू दे. २५० वर ठेवून चाळीस मिनिटे मी निश्चिंतपणे प्रथम वर्षाच्या वह्या तपासल्या. वास आला तेव्हा उशीर झाला होता. वर काळी साय, आत दही फुटावे तसे गोळे आणि त्यांच्यामधून वाहणारे पाणी. कन्येने सांगितले, की लॉरेल आणि हार्डीच्या १९२७ च्या एका मूकपटात असे तीन हजार पाय लोकांनी एकमेकांच्या तोंडावर फेकल्याचे सांगतात. या पायाचा तेवढाच उपयोग होता.

मी वही घेऊन आत्याच्या खाटेशी गेलो. "तू लिहिलंस तसंच केलं. ४२५ म्हणजे काय ते तरी सांग."

"फॅरनहाइट," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "अमेरिकेत सेल्सियस कुठलं? बत्तीस वजा कर, पाचाने गुण, नवाने भाग."

"तसं वहीत लिहिलेलं नाही, आत्या. नुसताच आकडा आहे. एकक नाही."

ती वळली. तिने वही हातात घेतली, चष्मा मागितला, ती ओळ पाहिली. दीड महिन्यानंतर पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू दिसले. "अर्धा गुण काप माझा," ती म्हणाली.

हिशेब केला. ४२५ म्हणजे २१८ आणि ३५० म्हणजे १७७. मी शंभर अंशांच्या घरात नव्हे, निखाऱ्यांच्या घरात होतो. आत्याने मग कारणही सांगितले. अंड्यातली प्रथिने दोऱ्याच्या गुंड्यासारखी असतात. उष्णतेने ती सुटतात आणि एकमेकांत गुंतून जाळे विणतात, त्या जाळ्यात दूध अडकते. नुसते अंडे ६५ ते ७० अंशांत घट्ट होते. दूध आणि साखर मिसळली की जाळे विणायला ८० च्या आसपास जावे लागते. त्याच्या फार पुढे गेलात की जाळे आवळते आणि फडके पिळावे तसे पाणी बाहेर टाकते. "तुझं काल झालं ते हे," ती म्हणाली. प्रकरण त्याच दिवसाचे होते, पण अंथरुणात वारांचा हिशेब राहत नाही.

ऐकत उभी असलेली आई म्हणाली, "म्हणजे खरवसच की, वन्सं. अंड्याचा खरवस." आणि ते बरोबर होते. गाय व्यायल्यावरच्या चिकात अशी प्रथिने मुळातच भरपूर असतात, म्हणून तो नुसत्या वाफेवर थिजतो. साध्या दुधात ती तेवढी नसतात, म्हणून अंड्यांकडून उसनी घ्यावी लागतात. आमच्या आईने अंडे कधी तोंडात घातलेले नाही, पण मर्म तिने एका शब्दात पकडले.

दुसऱ्या रविवारी उष्णता बरोबर होती. पाय सोनेरी दिसला, मी तो आत्यापुढे नेला. तिने आतले दोन चमचे खाल्ले आणि पारीला चमचा लावून बाजूला सारला. "खालची पोळी कच्ची आहे. आणि हा फार वेळ ठेवलास, बघ, पाणी सुटलंय. बाहेर काढलास तेव्हा मध्ये हलत होता का?"

"नाही. चांगला घट्ट झाल्यावरच काढला."

"तिथेच चुकलं. बाहेर काढल्यावरही तो आतल्या उष्णतेनं शिजत असतो. कडा घट्ट आणि मध्ये हलता, असा असतानाच काढायचा."

"किती हलता?"

ती विचारात पडली. "ते सांगता येत नाही रे. दाखवावं लागतं."

"मग दाखव," मी म्हटले. तिने भिंतीशी उभ्या असलेल्या वॉकरकडे पाहिले, आणि पुन्हा भिंतीकडे वळली. पण दोन चमचे खाल्ले होते. हिने ते पाण्याच्या ग्लासशेजारच्या कागदावर, औषधांच्या वेळांखाली, लिहून ठेवले.

आता तिसरा रविवार. हा मी सविस्तर सांगतो, म्हणजे कोणाला करायचा असेल तर माझ्या दोन पायांचा दुसऱ्यांना उपयोग होईल. दीडशे ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि शंभर ग्रॅम थंडगार लोणी. लोण्याचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे. तळहात लावायचा नाही, तो गरम असतो. रव्यासारखे झाले की तीन-चार चमचे बर्फाचे पाणी शिंपडून नुसते गोळा करायचे. मळायचे नाही. मळले की मैद्याला चिवटपणा येतो, आणि चपातीचा गुण तो पारीचा दोष. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून लाटायचे, थाळीत सैल बसवायचे, ताणायचे नाही. ताणलेली पारी भट्टीत आकसते. वर कागद घालून त्यावर वाटीभर राजमा पसरायचा, म्हणजे पारी फुगत नाही, आणि २०० अंशांवर पंधरा मिनिटे भाजायची. मग राजमा काढून, आतून अंड्याचा पांढरा बलक पुसटसा लावून आणखी पाच-सात मिनिटे. त्या बलकाचा लेप बसतो आणि पारी दुधाने भिजत नाही. तो राजमा नंतर शिजत नाही, बरणीत 'पायाचा राजमा' अशी चिठ्ठी लावून ठेवावा. आमच्याकडे चिठ्ठी न लावल्याने काय झाले हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सारणासाठी सहाशे मिलिलिटर दूध वाफ येईपर्यंत गरम करायचे, उकळायचे नाही. चार अंडी शंभर ग्रॅम साखरेबरोबर हलक्या हाताने फेटायची. फेस झाला तर वर बुडबुडे राहतात. गरम दूध त्यात हळूहळू ओतत ढवळायचे, व्हॅनिला घालून गाळून घ्यायचे. पारी ओव्हनच्या जाळीवर ठेवूनच त्यात ओतायचे, म्हणजे नेताना सांडत नाही. वरून जायफळ.

जायफळ किसायला आई पुढे आली. अंड्याच्या मिश्रणाला हात लावायचा नाही, पण जायफळ वरून पडते, त्याला विटाळ नाही, असा तिने स्वतःचा निर्णय दिला. पुरणपोळीला, बासुंदीला, श्रीखंडाला तिने जन्मभर किसलेले तेच जायफळ. एके काळी ते फक्त बांदा बेटांवर होत असे. १६६७ च्या ब्रेडा इथल्या तहात डचांनी तिथले रन नावाचे चिमुकले बेट आपल्याकडे ठेवले आणि न्यूयॉर्क इंग्रजांकडे राहू दिले, एवढी त्या फळाची किंमत होती. आईला मी हे सांगितले. ती म्हणाली, "न्यूयॉर्कचं काय ते माहीत नाही, पण हे जायफळ जुनं आहे, वास गेलाय याचा. नवं आण."

१६५ अंश. घड्याळ लावले. तीस मिनिटे झाली, पस्तीस झाली. आतून आत्याचा आवाज आला, "हलतोय का?"

मी काच उघडून थाळीला किंचित धक्का दिला. "हलतोय."

"कसा हलतोय?"

"म्हणजे, असा, जरा... लाट आल्यासारखा."

"लाट सगळीकडे आहे की मध्येच?"

"मध्येच. बहुतेक. म्हणजे कडेलाही थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"थोडी म्हणजे... डुचमळतोय म्हणता येणार नाही, थरथरतोय म्हणावं तर तसंही नाही..."

"मराठीचा प्राध्यापक ना तू?" आतून आवाज चढला. "वीस वर्षं पगार घेतोस आणि एक शब्द सापडत नाही?"

मी खरोखरच शब्द शोधत ओव्हनपुढे वाकलो होतो. हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बोट ओठांवर नेले. आतल्या खोलीतून आवाज येत होता. टक. मग थांबणे. मग पाय घासल्याचा आवाज. पुन्हा टक. कोणी जागचे हलले नाही. कन्या उठायला लागली तिला आईने नुसत्या डोळ्यांनी खाली बसवले. खाटेपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सतरा पावले आहेत. ती मी नंतर मोजली. त्या दिवशी ती मला फार वाटली.

आत्या दारात आली. घामाने चेहरा भिजला होता. कोणाकडे न बघता ती ओव्हनशी आली, वॉकरवर एक हात ठेवून वाकली आणि म्हणाली, "हलव." मी थाळी हलवली. "अजून तीन मिनिटं." ती तीन मिनिटे ती उभीच राहिली. खुर्ची दिली तर नको म्हणाली. मग पुन्हा, "हलव." कडा जागच्या जागी राहिल्या आणि मधला रुपयाएवढा, नव्हे, वाटीएवढा भाग नुसता शहारला. "बघ," ती म्हणाली. "एवढा. आता काढ."

शब्द मला तेव्हा सापडला, पण सांगायचा धीर झाला नाही.

पाय निवायला दोन तास लागतात. घाईने कापला तर आतले जाळे बसलेले नसते, सगळे वाहून जाते. आत्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिली. "खाटेवर जाऊया का?" असे हिने विचारले तर म्हणाली, "निवेपर्यंत इथंच बसते. तुम्ही कापाल मध्येच." आणि त्या दोन तासांत तिने आम्हाला एक गोष्ट सांगितली, जी मला पन्नाशीला टेकेपर्यंत ठाऊक नव्हती.

१९७२ साली ती माहेरी आली तेव्हा तीन महिने अशीच भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवत नव्हती. एके दिवशी आजीने तिची अमेरिकेची ट्रंक उघडली, तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती थाळी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "ते तुझं काय ते, पाय की डोकं, ते कर एकदा," आजी म्हणाली. आत्या म्हणाली, "त्यात अंडी लागतात." आजी म्हणाली, "मला ठाऊक आहे. तू पत्रात लिहिलं होतंस." दुष्काळाचे दिवस, साखर रेशनची. आजीने आपल्या डब्यातली साखर मोजून दिली. भावाला पाठवून चार अंडी आणवली, आणि ती वाड्याच्या मागच्या दाराने, पदराखाली झाकून, स्वतः गॅलरीत नेली. ओव्हन नव्हता. नानकटाईला करतात तसे पातेल्यात वाळू घालून, खाली शेगडी आणि वर झाकणावर निखारे, असे तिनेच रचून दिले. आंघोळ करून पुन्हा सोवळे नेसायचे म्हणून ती दिवसभर जेवली नाही, पण निखारे विझेपर्यंत गॅलरीतून हलली नाही.

"आम्हाला वाटायचं आजीने अंड्यासाठी तुला गॅलरीत घातलं," मी म्हटले.

"तिनं मला गॅलरीत घातलं नाही, खोलीतून बाहेर काढलं," आत्या म्हणाली. "पाय झाल्यावर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, लोक पायगुण म्हणतात तो हाच का गं तुझा? मग बरा आहे की. आणि दुसऱ्या दिवशी बी. एड.चा अर्ज आणायला भावाला पाठवलं."

स्वयंपाकघरात कोणी बोलले नाही. आईने उठून उगीचच गॅसचा ओटा पुसला. या घरात येऊन तिला इतकी वर्षे झाली, पण तिनेही हे ऐकलेले नव्हते. दोन तास होऊन वर पाच मिनिटे गेल्यावर आत्याने स्वतः सुरी घेतली. पाय कापला. फोड सरळ उभी राहिली, खाली पारीचा कुरकुर आवाज आला. आत्याने ती सगळी संपवली आणि बशी पुढे करून म्हणाली, "जायफळ जुनं आहे."

"मी तेच सांगत होते," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी व्यायामाची मुलगी आली तेव्हा आत्या खुर्चीत बसलेली होती. बुधवारी ती दिवाणखान्यापर्यंत आली. श्रावण लागला, अंडी बंद झाली, पण तोवर तिची भूक परत आली होती आणि आईने मुगाच्या धिरड्यांवर आणि साजूक तुपातल्या शिऱ्यावर आघाडी सांभाळली. गणपतीत ती वॉकर सोडून काठीवर आली. सगळे पायाने केले असे मी म्हणणार नाही. शस्त्रक्रिया चांगली होती, व्यायाम नियमाचा झाला आणि आत्याची हाडे जुन्या वळणाची आहेत. पण ती सतरा पावले तिने कोणी सांगितले म्हणून टाकली नव्हती. आपल्या हातचा पदार्थ भाचा पुन्हा बिघडवणार, हे तिला बघवले नाही, म्हणून टाकली.

आता दिवाळीच्या फराळाची गडबड चालू आहे. मी हे लिहितो आहे तेव्हा आत स्वयंपाकघरात आत्या काठी ओट्याला टेकवून उभी आहे. चकलीच्या भाजणीत मोहन कमी पडले, करंजीची पारी ताणून लाटली, तेलाची आच चढली, असे एकामागून एक गुण कापणे चालू आहे. मघाशी आई बाहेर येऊन हळूच मला म्हणाली, "अरे, वन्सं पुन्हा पूर्वीसारख्याच चुका काढायला लागल्या बघ."

तक्रारच होती. पण सांगताना ती हसत होती.